जादा तासाचा भाव

तुमची पगारवाढ ज्या खोलीत ठरते, तिथे तुम्ही नसता. पुण्यातली हिंजवडी असो, खराडी असो की मगरपट्टा, फेब्रुवारी संपता संपता किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कुठल्यातरी मीटिंग रूममध्ये सात-आठ मॅनेजर, त्यांचा वरिष्ठ आणि एचआरचं कोणीतरी असे बसतात. समोर स्क्रीनवर एक्सेलची शीट. रकाने ठरलेले: नाव, ग्रेड, या ग्रेडमध्ये किती वर्षं, गेल्या वर्षीचं रेटिंग, सध्याचा सीटीसी (म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा तुमचा एकूण खर्च), मॅनेजरने सुचवलेलं रेटिंग, आणि शेवटी वाढीच्या टक्क्यांचा रिकामा रकाना. साठ नावं, दोन तास. म्हणजे माणशी दोन मिनिटं. प्रत्यक्षात तेवढीही मिळत नाहीत, कारण मधल्या रेटिंगची चाळीसेक नावं नुसती स्क्रोल होऊन जातात आणि सगळा वेळ काठावरच्या दहा-बारा जणांवर खर्च होतो.

या बैठकीला कुठे कॅलिब्रेशन म्हणतात, कुठे नॉर्मलायझेशन. तिथे एखादा मॅनेजर कळवळून म्हणतो, "तो फार राबतो हो." वरिष्ठ विचारतो, "बरं, पण केलं काय?" त्या क्षणी मॅनेजरला एक धड वाक्य सुचलं पाहिजे. सुचलं तर नाव वर सरकतं. नाही सुचलं तर "चांगलाच आहे, पुढच्या वर्षी बघू" असं म्हणून कर्सर खाली जातो. यात कोणाचं कोणाशी वैर नसतं. समोरच्या सात जणांपैकी सहा जणांनी तुमचं काम पाहिलेलंच नसतं, एवढंच.

मेहनतीचं चीज होतं का, यावर दर एप्रिलमध्ये कंपनीच्या बसमध्ये आणि टपरीवर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक, प्रामाणिकपणे काम करत राहा, कोणीतरी बघतंच. दोन, सगळी चमचेगिरी आहे, काम करणाऱ्यालाच आणखी काम. दोन्ही मतं आळशी वाटतात, कारण दोघांनीही ती शीट उघडून पाहिलेली नसते. जरा हिशेब मांडला की गोष्ट वेगळीच दिसते.

पंगतीत श्रीखंडाचं पातेलं आधीच भरून आलेलं असतं. वाढप्याच्या हातात फक्त कोणाच्या पानात किती, एवढंच. इन्क्रिमेंटचं बजेट तसंच. समजा, टीममध्ये दहा जण आहेत, प्रत्येकाचा सीटीसी दहा लाख आणि वरून आठ टक्के बजेट आलं. वाटायला आठ लाख रुपये. एकाला बारा टक्के द्यायचे तर त्याला चाळीस हजार जास्त लागतात, आणि ते उरलेल्या नऊ जणांच्याच वाटणीतून निघतात, माणशी साडेचार हजारांच्या आसपास. आता दहाही जणांनी वर्षभर जीव तोडून काम केलं असेल तर? दहाही जणांना आठच टक्के. पातेलं त्यांच्या मेहनतीने मोठं होत नाही. ते ठरतं कंपनीच्या नफ्यावर, क्लायंटने दर वाढवून दिला का यावर, आणि बाजारात माणसं किती सोडून चालली आहेत यावर. ऑफिसातली मेहनत नेहमी शेजाऱ्याशी तुलना करून मोजली जाते. हे उघडपणे कोणी सांगत नाही, कारण सांगितलं तर 'टीमवर्क'ची पोस्टरं भिंतीवरून उतरवावी लागतील.

त्यात आणखी एक पेच आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. प्रत्येक ग्रेडचा एक बँड असतो, म्हणजे पगाराची खालची आणि वरची मर्यादा, आणि बँडचा एक मध्य. तुमचा पगार भागिले तो मध्य, याला एचआरवाले कॉम्पा रेशो म्हणतात. मध्य बारा लाख असेल आणि तुम्ही साडेतेरा लाखांवर असाल तर तुमचा आकडा १.१२ च्या पुढे. शेजारचा दहा लाख वीस हजारांवर असेल तर त्याचा ०.८५. दोघांना एकच उत्तम रेटिंग मिळालं तरी वाढीच्या तक्त्यात त्याच्या चौकटीत बारा टक्के असू शकतात आणि तुमच्या चौकटीत सात. कारण सरळ आहे: कंपनी त्याला मध्याकडे ओढून घेतेय आणि तुम्हाला तिथेच थोपवतेय. म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या मेहनतीने जो पगार वर गेला, तोच या वर्षीच्या मेहनतीचा भाव पाडतो. "माझं रेटिंग वरचं असून हाइक कमी का?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं, आणि मॅनेजर ते देत नाही, कारण त्यालाही ते नीट सांगता येत नाही.

आता त्या चाळीस हजारांकडे परत येऊ. दहा लाख सीटीसी, सुट्ट्या-रजा वजा जाता वर्षाचे २४० दिवस, रोजचे नऊ तास: २,१६० तास. तासाचा भाव ४६३ रुपये. वरचं रेटिंग मिळावं म्हणून कोणी रोज दोन तास जास्त बसलं तर वर्षाचे ४८० जादा तास होतात. त्यांचं बक्षीस चाळीस हजार. तासाला ८३ रुपये. तेही रेटिंग मिळालं तर. मिळण्याची शक्यता निम्मी धरली तर ४२. हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातल्या कोंडीत जाणारा वेळ यात धरलेलाच नाही.

इतका सोपा हिशेब मात्र थोडा अन्यायाचा आहे. वाढ एकदा पगारात मिसळली की ती दरवर्षी मिळत राहते. त्याच कंपनीत पाच वर्षं काढली तर त्या एका वर्षाच्या ४८० तासांचे दोन लाखांवर होतात, म्हणजे तासाला चारशेच्या पुढे, जवळपास नेहमीच्या भावाला. फक्त मध्ये तो कॉम्पा रेशो बसलेला आहे आणि पुढच्या वर्षापासून तो आपला वाटा परत घ्यायला लागतो. एकूण पाहता, नुसते तास विकून ऑफिसात फायदा होतो म्हणणाऱ्याने एकदा कॅल्क्युलेटर हातात घ्यावा.

याउलट कारखान्यात तास विकायचा भाव कायद्याने बांधून दिला. कारखाने अधिनियम, १९४८ ने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर लावला. महिन्याला अठरा हजार मूळ पगार आणि महागाई भत्ता असणाऱ्या ऑपरेटरचे सव्वीस दिवस, आठ तासांनी, तासाला साडेशहाऐंशी रुपये पडतात, ओटीला, म्हणजे ओव्हरटाइमला, १७३. महिन्यात वीस तास ओटी झाली की ३,४६० रुपये, आणि त्यासाठी कोणाला वाक्य सुचावं लागत नाही, पंचिंग मशीन पुरतं. पुण्याजवळच्या चाकणच्या ऑपरेटरचा जादा तास त्याच्या नेहमीच्या तासाच्या दुप्पट भावाने जातो आणि हिंजवडीच्या इंजिनियरचा एक-पंचमांश भावाने. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही जादा कामाला दुप्पट मोबदला आहेच, पण व्यवस्थापकीय पदांवरची माणसं त्यातून वगळलेली आहेत, आणि पदाच्या नावात 'लीड' किंवा 'मॅनेजर' शब्द घालायला कंपनीचं काही जात नाही.

कारखान्यात सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. चाकण-रांजणगाव पट्ट्यात कंत्राटी कामगाराला 'सिंगल ओटी' हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही: दुप्पट ऐवजी एकपट, आणि तेही कधी स्लिपवर न दाखवता रोख. स्लिपवर ओटीचे तास आणि दर वेगवेगळे छापलेत का, हे दर महिन्याला बघावं आणि स्लिपचा फोटो ठेवावा. पंचिंगच्या नोंदीशी तास जुळत नसतील तर तक्रार त्याच महिन्यात करावी. सहा महिन्यांनी कोणाकडे काही सापडत नाही.

मेहनतीपेक्षा डोक्याने काम केलं तर? इथे कारखान्यातली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. भोसरीतल्या एखाद्या जॉब शॉपमध्ये सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर) जॉब, म्हणजे घडवायचा नग, बदलायचा तर आधीचा लॉट संपल्यावर जॉ (नग पकडणारे जबडे) काढायचे, नवे सॉफ्ट जॉ लावून बोअर करायचे (नगाच्या मापाने कोरायचे), टूल बदलायचे, ऑफसेट (टूलची मापं) घ्यायचे, प्रोग्रॅम लोड करायचा, पहिला पीस काढून क्वालिटीकडे पाठवायचा आणि तो ओके होऊन येईपर्यंत उभं राहायचं. सहज नव्वद मिनिटं जातात. हुशार सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, काय करतो, तर आधीचा लॉट चालू असतानाच पुढचे जॉ बोअर करून ठेवतो, टूल जादा होल्डरमध्ये लांबी मोजून तयार ठेवतो, ड्रॉइंग आणि गेज मशीनपाशी आणून ठेवतो, क्वालिटीच्या माणसाला वीस मिनिटं आधी सांगून ठेवतो. मशीन थांबवून करायची कामं आणि चालू असताना करता येणारी कामं वेगळी काढायची, ही जपानचे अभियंते शिगेओ शिंगो यांची रीत. लाइनवर तिला स्मेड म्हणतात. नव्वदची पस्तीस मिनिटं होतात. दोन पाळ्यांत दिवसाला दोन सेटअप असतील तर ११० मिनिटं वाचली. मशीनचा तासाचा दर पाचशे रुपये धरला तर दिवसाला नऊशेच्या वर, पंचवीस दिवसांचे जवळपास तेवीस हजार. दर महिन्याला.

सेटरला यातून काय मिळतं? कायझेनचं (कामातल्या छोट्या सुधारणेचं) सर्टिफिकेट, गिफ्ट कूपन, नोटीस बोर्डवर साहेबांशी हस्तांदोलनाचा फोटो. आणि पुढच्या महिन्यात नवं टार्गेट. आधी आठ तासांच्या पाळीत अर्धा तास जेवणाचा आणि नव्वद मिनिटं सेटअपची वजा जाऊन तीन मिनिटांच्या सायकल टाइमने (एका पीसला लागणाऱ्या वेळाने) १२० पीस निघायचे. आता १३८ निघतात, म्हणून १३८ हीच नवी अपेक्षा. एखाद्या दिवशी मटेरियल खराब आलं, इन्सर्ट (टूलची कापणारी टोकं) भराभर तुटले आणि १२५ निघाले, तर काल ज्याचा फोटो लागला त्यालाच आज जाब. जुनी माणसं युक्त्या खिशात का ठेवतात, हे यावरून कळावं. त्यांना कामचुकार म्हणणं सोपं आहे, पण जादा उत्पादनाचा फायदा आपल्याला न मिळता फक्त नवं टार्गेट मिळतं हे ज्याला दोनदा कळलं, त्याने तिसऱ्यांदा सांगावंच का? मोठ्या वाहन कंपन्यांमध्ये युनियन साधारण तीन-तीन वर्षांचा वेतन करार करताना उत्पादकता वाढवून देण्याच्या बदल्यात पगारवाढ मागते, तिचं कारण हेच. एकट्या सेटरची युक्ती फोटोवर विकली जाते. सगळ्या लाइनची मिळून विकली तर तिला पैसे येतात.

तासांच्या बाबतीत अलीकडे मोठमोठ्या लोकांनी बरंच सांगून ठेवलं आहे. इन्फोसिसचे नारायण मूर्ती (कंपनी १९८१ मध्ये सुरू झाली ती पुण्यातच) ऑक्टोबर २०२३ मध्ये आठवड्याला सत्तर तास म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं बोलणं गाजलं. मालकाचा तास आणि नोकराचा तास यांत फरक असा की मालकाच्या जादा तासाने पातेलं मोठं झालं तर त्यातला वाटा त्याच्याच पानात येतो. पण तो मुद्दा सोडून नुसतं कामच पाहिलं तरी सत्तर तास टिकत नाहीत. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासल्या. या नोंदी अशा की कोणत्या आठवड्यात किती तास आणि किती नग, दोन्ही लिहिलेले. अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढलं. पुढे वाढीचा वेग घसरत गेला, आणि सत्तर तासांचं उत्पादन छप्पन्न तासांच्या उत्पादनाहून फारसं वेगळं निघालं नाही. चौदा तास फुकट. रविवारची सुट्टी न मिळालेल्या आठवड्यांत उत्पादनाला आणखी फटका.

नग मोजता येतात म्हणून ते तरी कळलं. कोड लिहिणाऱ्याचे, हिशेब तपासणाऱ्याचे फुकट गेलेले तास दिसतच नाहीत; ते उलट मेहनत म्हणून दिसतात. रात्री साडेअकराला थकून केलेल्या रिलीजमध्ये एक अट उलटी लिहिली जाते, पहाटे दोनला क्लायंटचा फोन येतो, तोच माणूस उठून चारपर्यंत ती दुरुस्त करतो आणि सकाळी सगळ्यांना कौतुकाचा मेल जातो. ज्या मुलीने आपल्या भागाची टेस्टिंग संध्याकाळी सहालाच नीट संपवली, तिच्याकडे काहीच घडलं नाही. काही न घडण्याला मेल जात नाही. मॅनेजरने एवढं जरी केलं की पहाटेच्या शौर्याला दाद देण्याआधी आग लागली कशी हे विचारायचं, तर टीमच्या सवयी सहा महिन्यांत बदलतात. बहुतेक जण विचारत नाहीत.

मेहनत आणि निकाल यांचं नातं किती सैल असू शकतं, हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग आपल्या चर्चासत्रांत एका खेळातून दाखवत. एका पेटीत चार हजार मणी, त्यांतले आठशे लाल, बाकी पांढरे. पन्नास खळगे असलेली फळी त्यात बुडवून काढायची. लाल मणी म्हणजे सदोष माल. श्रोत्यांतून सहा कामगार बोलवायचे, त्यांना काटेकोर सूचना द्यायच्या, तपासनीस नेमायचे, भिंतीवर घोषणा लावायच्या. सरासरी प्रत्येक फळीत दहा लाल येणार, बहुतेक वेळा पाच ते पंधराच्या दरम्यान, आणि ते कोणाच्याही हातात नाही. तरी डेमिंग साहेबाच्या भूमिकेत शिरून सहा लाल आणणाऱ्याला शाबासकी आणि बढती द्यायचे, चौदा आणणाऱ्याला खडसवायचे. दुसऱ्या दिवशी शाबासकीवाल्याचे अकरा आले की "बढती मिळाल्यावर ढिला पडला" असा शेरा. लोक खळखळून हसायचे, आणि मग आपापल्या कंपनीत जाऊन तेच करायचे.

पुण्यातल्या सपोर्ट टीममध्ये लाल मणी म्हणजे बारा वर्षांपूर्वीचं, कागदपत्रं नसलेलं मॉड्यूल. ते ज्याच्या वाट्याला आलं त्याच्या नावावर तिकिटं (बिघाडाच्या तक्रारी) जास्त, एस्कलेशन (वरिष्ठांपर्यंत गेलेल्या तक्रारी) जास्त, उशीर जास्त. शेजारच्याकडे गेल्या वर्षी नवीन लिहिलेला भाग. त्याचा डॅशबोर्ड हिरवागार. वर्षअखेर दोघांचे आकडे एकाच शीटवर. कारखान्यात हाच प्रकार झिजलेल्या स्पिंडलच्या (फिरत्या दांड्याच्या) मशीनवर होतो: रिजेक्शन मशीनचं, नाव ऑपरेटरचं. म्हणून असं काम हातात घेतानाच सुरुवातीचा आकडा लिहून मेल करणं भाग आहे. "मी हे घेतलं तेव्हा महिन्याला इतकी तिकिटं येत होती" हे वाक्य जूनमध्ये गेलं तर मार्चमध्ये त्याचा पुरावा होतो. मार्चमध्येच लिहिलं तर सबब ठरते.

सक्तीने माणसं वर-खाली लावायच्या पद्धतीला जॅक वेल्च यांनी ते प्रमुख असलेल्या अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये वीस-सत्तर-दहा असं रूप दिलं: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, तळाचे दहा. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये आपली तशी पद्धत बंद केली. पण बजेट मर्यादित आहे तोवर नाव काही द्या, कुठेतरी कोणीतरी रांग लावतोच.

काही कामं तर अशी असतात की ती कितीही मन लावून केली तरी शीटवर उमटतच नाहीत. मीटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त) लिहिणं, नव्या मुलांना सिस्टिम समजावणं, ऑडिटच्या फायली लावणं, ट्रॅकर भरणं, गणपतीतली ऑफिस सजावट. यांच्याशिवाय ऑफिस चालत नाही आणि यांच्यामुळे कोणाला बढतीही मिळत नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं काम करायला बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळा आपणहून पुढे आल्या, त्यांना विचारलंही जास्त गेलं आणि त्यांनी होही जास्त वेळा म्हटलं. गंमत म्हणजे गटात फक्त पुरुष ठेवले तेव्हा पुरुषांनीही ते काम तितकंच केलं. म्हणजे अंगात नव्हतं असं नाही. कोणीतरी करेल, हे माहीत होतं. यावर 'नाही म्हणायला शिका' हा सल्ला पोकळ आहे, कारण नाही म्हणणारीला खडूस ठरवायला दोन दिवस लागत नाहीत. त्यापेक्षा "पाळी लावू या, या महिन्यात मी, पुढच्या महिन्यात कोण?" हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला की काम वाटलं जातं आणि नाही म्हणायची वेळच येत नाही.

मग त्या खोलीतल्या वाक्याचं काय? ते वाक्य मॅनेजरला आयतं मिळालं पाहिजे, आणि वेळेवर. सेल्फ अप्रेझलचा, म्हणजे आपल्या कामाचा आढावा आपणच लिहायचा फॉर्म त्या बैठकीच्या तोंडावर उघडतो, पण बहुतेक मॅनेजरांच्या डोक्यात यादी जानेवारीतच तयार झालेली असते. फॉर्म त्या यादीला पुरवणी. म्हणून खरं बोलणं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये व्हायला हवं, वीस मिनिटांचं, समोर एक कागद ठेवून. "माझं नाव वरच्या रेटिंगला मांडायचं झालं तर आज तुमच्याकडे काय आहे, आणि काय कमी पडतंय?" असं सरळ विचारलं की मॅनेजर गडबडतो, पण उत्तर देतो. ते उत्तर त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून त्याला पाठवायचं. मार्चपर्यंत तीन महिने हातात राहतात.

कागदावर काय असावं, यातच बहुतेकांची गाडी अडते. "पेमेंट मॉड्यूलवर खूप मेहनत घेतली, गरज पडली तेव्हा उशिरापर्यंत थांबलो" हे वाक्य खोलीत उच्चारता येत नाही. "महिनाअखेरचा पेमेंट रन सहा तासांवरून दीड तासावर आणला, ऑगस्टपासून त्यासाठी रात्री माणूस थांबवावा लागत नाही" हे येतं, कारण ऐकणाऱ्याला त्यात स्वतःचा फायदा दिसतो. दर शुक्रवारी निघण्याआधी पंधरा मिनिटं अशा नोंदीला द्यावीत: तारीख, आधी काय होतं, आता काय आहे, कोणाला उपयोग झाला. वर्षाच्या पन्नासेक नोंदींतून चार वाक्यं निघाली तरी पुष्कळ. मात्र क्लायंटचे मेल किंवा रिपोर्ट पुरावा म्हणून स्वतःच्या खासगी मेलवर पाठवायचे नाहीत. माहिती बाहेर नेल्याचा ठपका ठेवून नोकरी जाऊ शकते. नोंद आपल्या शब्दांत आणि नावं गाळूनच ठेवावी.

सगळं करून फसतं ते एका जागी: मॅनेजर मध्येच बदलला की. जुना ऑक्टोबरमध्ये सोडून जातो, नव्याला तुमचे पहिले सहा महिने माहीत नसतात, आणि माहीत नसलेल्या माणसाला मधलं रेटिंग देणं सगळ्यात सुरक्षित. जाणाऱ्याच्या शेवटच्या दिवसाआधी सिस्टिममध्ये त्याचा अभिप्राय नोंदवून घ्यावा. निरोपाच्या केकभोवती उभं राहून "मी सांगेन तुझ्याबद्दल" म्हणाला तर त्यावर विसंबू नये.

एवढं करूनही भाव मिळाला नाही की पुणेकर नोकरी बदलतो. चालू पगारावर इतके टक्के, या एका फोनवरच्या वाटाघाटीत तीन वर्षांच्या इन्क्रिमेंटएवढी वाढ निघू शकते, आणि तिचा तुमच्या उशिरा थांबण्याशी काही संबंध नसतो. तुमच्या हाताला काय येतं याच्याशी असतो. मेहनत करायचीच असेल तर ती इथे सगळ्यात जास्त भावाने विकली जाते: ज्या कामातून नवं काही हाताला लागतं त्यात. तेच रिपोर्ट सातव्या वर्षीही तितक्याच निष्ठेने काढणाऱ्याची बाजारात किंमत तिसऱ्या वर्षाएवढीच असते.

आकड्याला मात्र भुलू नये. बारा लाखांची ऑफर म्हणजे महिन्याला एक लाख नव्हेत. त्यात व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, दरमहा हातात न येणारा भाग) एक लाख वीस हजार असेल, बेसिक निम्मं म्हणजे सहा लाख असेल आणि कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ भरत असेल, तर कंपनीचा बारा टक्के पीएफ ७२,००० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे २८,८६० वजा जातात. उरलेल्याचे महिन्याला ८१,५९५. त्यातून तुमचा पीएफ सहा हजार, व्यवसाय कर दोनशे (फेब्रुवारीत तीनशे), आणि आयकर. शिवाय जुनी नोकरी साडेचार वर्षांनी सोडत असाल तर थांबून विचार करावा: कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं लागतात. शेवटचं बेसिक पन्नास हजार असेल तर गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले पाच: १,४४,२३१ रुपये. सहा महिन्यांच्या घाईची ही किंमत.

एक फळ मात्र कुठल्याच शीटवर नसतं आणि तरी मिळतं. मॅनेजरला दिसत नाही ते शेजारच्या खुर्चीला दिसतं. कोण बग लपवत नाही, कोणाचा हँडओव्हर वाचून काम करता येतं, कोण अडचणीत फोन उचलतं, हे टीममधल्या प्रत्येकाला पाठ असतं. ही मंडळी दोन-तीन वर्षांत बाणेर, बालेवाडी, खराडी, विमाननगर अशी पांगतात. कुठेतरी जागा निघते, तिथला मॅनेजर विचारतो, "कोणी आहे का माहितीतलं?" आणि नाव निघतं. रेफरलचा बोनस कंपनी देते हे खरं, पण ज्याच्यामुळे आपलीच मान खाली जाईल त्याचं नाव बोनससाठीही कोणी सुचवत नाही. "कामाला कसा आहे?" या प्रश्नावर तिथे जे दोन शब्द बोलले जातात, ते कॅलिब्रेशनमधल्या वाक्यापेक्षा जास्त पगार ठरवतात.

ही पत बहुतेक जण घालवतात ती नोटीस पीरियडमध्ये. राजीनामा दिला की मन उडतं, मीटिंगला कॅमेरा बंद, कामं अर्धवट. साठ किंवा नव्वद दिवसांच्या नोटिशीत हँडओव्हरची फाइल पहिल्या महिन्यातच लिहून काढावी: काय चालू आहे, काय अडकलंय, पासवर्ड कोणाकडून मिळतात, कोणता जॉब (सिस्टिमवर आपोआप चालणारं काम) दर महिन्याला बंद पडतो आणि तो कसा उठवायचा. मग ती ज्याला सोपवायची त्याला आपल्यासमोर एकदा सगळं चालवून बघायला लावावं. शेवटच्या आठवड्यात हे जमत नाही. तो लॅपटॉप परत करण्यात, नो ड्यूजच्या (काही देणं नसल्याच्या) सह्या गोळा करण्यात आणि फुल अँड फायनलची (शेवटच्या हिशेबाची) तारीख विचारण्यात जातो.